खेळाडूचा भाव



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर एक व्याख्यान असावे, अर्थकारणावर एक असावे, आणि एखादे दिवशी परदेशी जाऊन आलेल्या कोणा गृहस्थाने तिकडची हकीगत सांगावी, अशी आपली जुनी रीत आहे. यंदा चालकांनी एक पुष्प कबड्डी खेळून पोट भरणाऱ्या माणसासाठी राखून ठेवले. न्हावा-शेव्याला ते शोभून दिसते असे मला वाटते. या खाडीकाठच्या गावांतून कबड्डीचे मैदान नाही असे गाव शोधायला निघालो तर पाय दुखतील. समोर बसलेल्या मंडळींपैकी कित्येकांच्या गुडघ्यांना हा खेळ माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. तेव्हा घोटापकड कशी करावी, किंवा निदान रेषा ओलांडताना तोल कसा सांभाळावा, हे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. मी बोलणार आहे ते खेळाडूच्या भावाविषयी. भाव हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. सकाळी होडी लागल्यावर धक्क्यावर मासळीला जो भाव लागतो, त्याच अर्थाने.

एक उदाहरण घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यात बेळगावच्या अंगाला चंदगड तालुका आहे. तेथल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई हा शेतकऱ्याच्या घरचा मुलगा. थोरला भाऊ सूरज हाही कबड्डीपटू. २०१८ साली प्रो कबड्डी लीगच्या सहाव्या मोसमासाठी यू मुंबा संघाने सिद्धार्थला सुमारे ३६ लाख रुपयांना घेतले. लीगमधला त्याचा पहिला सामना पुणेरी पलटणविरुद्ध झाला आणि तो ३२-३२ असा बरोबरीत सुटला. मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर चढाईचे २१८ गुण होते. नवोदितांमधला सर्वोत्तम म्हणून त्याचा गौरव झाला आणि लोक त्याला ‘बाहुबली’ म्हणू लागले. पुढच्या वर्षी, २०१९ च्या एप्रिलमध्ये, पुन्हा लिलाव झाला. या वेळी तेलुगू टायटन्सने त्याच्यावर एक कोटी ४५ लाखांची बोली लावली. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती. त्या मोसमात त्याने किती गुण मिळवले? २१७. म्हणजे काम तेवढेच, एक गुण कमीच, आणि भाव मात्र चौपट!

२०२० साली रोगाच्या साथीमुळे लीग झालीच नाही. २०२१ च्या लिलावात त्याच संघाने त्याला एक कोटी ३० लाखांना राखले. तो मोसम बंगळूरला, प्रेक्षकांवाचून, एकाच जागी खेळवला गेला. मोसमाच्या आरंभीच सिद्धार्थला दुखापत झाली आणि तो बाहेर बसला. टायटन्सने बावीस सामन्यांत एकच सामना जिंकला. २०२२ साली त्याच माणसाची बोली वीस लाखांच्या आसपास घसरली. तो पुन्हा उभा राहिला, खेळला, गुण मिळवले, आणि २०२३ च्या लिलावात हरियाणा स्टीलर्सने त्याला एक कोटीला घेतले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला अंतिम सामना झाला. एका बाजूला हरियाणाचा संघ आणि त्यात हा चंदगडचा गडी. दुसऱ्या बाजूला पुणेरी पलटण आणि तिचा कर्णधार अस्लम इनामदार, तो नगर जिल्ह्यातला. पुण्याने २८-२५ असा विजय मिळवला. त्यानंतरच्या लिलावात सिद्धार्थ दिल्लीच्या संघाकडे गेला आणि भाव पुन्हा उतरला.

सहा वर्षांतील या आकड्यांची रेघ कागदावर काढली तर ती आपल्या खाडीच्या भरती-ओहोटीसारखी दिसेल. मात्र भरती-ओहोटीला तिथी असते. कोळ्याला ती तोंडपाठ असते. या रेघेला तिथी नाही. यात संघवाल्यांनी काही अन्याय केला असे मी म्हणत नाही. लिलाव हा लिलाव आहे. तेथे मागच्या मोसमाची आठवण आणि पुढच्या मोसमातल्या गुडघ्याचा अदमास, यांवर पैसा लावला जातो. वर्तमानपत्रात एक कोटीचा आकडा छापून आला म्हणजे आपल्या मुलांना तो पगार वाटतो. पगार म्हणजे पुढच्या महिन्यातही येणारी रक्कम. बोली ही एका हंगामाची असते, आणि हंगाम काही महिन्यांचा.

येथे थोडे थांबून तो पैसा कशाचा आहे ते पाहू. पुरुषांचे मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. एकटा चढाईपटू सात जणांच्या अंगणात शिरतो. हाताशी तीस सेकंद. पूर्वी हुतूतूत दम घुमवत जायचे तेव्हा छाती हेच घड्याळ होते. आता भिंतीवरचे घड्याळ धावते. समोरचे दोन कोपरारक्षक त्याच्या घोट्याकडे डोळे लावून बसलेले, मधले गडी साखळी धरून उभे. त्याने एका गड्याला स्पर्श केला की परतीची वाट तीन-चार पावलांची असते, पण त्या तीन-चार पावलांत चार माणसे त्याच्या अंगावर पडतात. सिद्धार्थसारखा अंगापिंडाने दांडगा चढाईपटू त्या चौघांना ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो. प्रेक्षक उठून उभे राहतात. ज्यासाठी आपण उठून उभे राहतो, तेच त्याच्या सांध्यांना सर्वांत महाग पडते. मातीवर खेळलेले जुने खेळाडू आणखी एक गोष्ट सांगतात. मातीत पाय घसरतो आणि घसरल्यामुळे वाचतो. मॅटवर बूट चिकटतो आणि अंग वळते, पाय वळत नाही. गुडघा जातो तो असा. हे खेळाचे दूषण नव्हे. मॅटमुळे वेग आला, सामना डोळ्यांत भरू लागला, दूरचित्रवाणीवर दिसू लागला. पण त्या वेगाचे बिल कोणाच्या नावावर फाटते, एवढेच मला दाखवायचे आहे.

पैसा येण्यापूर्वी काय होते? गिरणगावच्या चाळींतून आणि कोकणातल्या वाड्यांतून हा खेळ वाढला. शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या माणसांनी गावोगावची हुतूतूची निरनिराळी रूपे एका नियमात बांधण्यासाठी आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९७२ साली सदानंद शेट्ये यांना कबड्डीतला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या काळी खेळाडूला खेळाचा पैसा मिळत नसे. खेळामुळे नोकरी मिळे. रेल्वे, पोलीस, बंदर, बँका, मोठे कारखाने यांचे संघ असत. मुलगा चांगली चढाई करतो हे पाहून साहेब त्याला कारकून किंवा फिटर म्हणून घेई. त्याने दुपारी चारला हजेरीपटावर सही करून मैदानावर जावे, असा अलिखित करार असे. कोटी सोडाच, लाखही कोणी पाहिले नाहीत. पण गुडघा गेला तरी पगार जात नसे. खेळ संपला तरी साठाव्या वर्षापर्यंत एक खुर्ची आणि नंतर निवृत्तिवेतन असे. मुलीचे लग्न त्यातच होई.

हा काळ सोन्याचा होता असे मी म्हणणार नाही. किती गुणी मुले साहेबाच्या लहरीवर अवलंबून राहिली, हे आपल्याला माहीत आहे. गिरण्यांचे तर १९८२ च्या संपानंतर काय झाले ते सांगायला नको. ज्या एअर इंडियाच्या कबड्डी संघात जागा मिळावी म्हणून मुले धडपडत, ती कंपनीच २०२२ च्या जानेवारीत सरकारच्या हातून खाजगी मालकीत गेली. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी महाराष्ट्राने पाच टक्के जागा ठेवल्या आहेत. परंतु मुळात जागाच किती निघतात, हा वेगळा प्रश्न आहे. जुनी वाट अशी अरुंद होत असतानाच २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, १२ लाख ८० हजारांची. तो रेल्वेचा खेळाडू. त्याच्या एका खिशात रेल्वेचा पगार होता आणि दुसऱ्या खिशात बोली आली. नऊ वर्षांनी, २०२३ साली, पवन सेहरावतवर दोन कोटी ६० लाखांवर बोली गेली. नऊ वर्षांत वीस पट! दुसऱ्या कोणत्या खेळाने या देशात अशी उडी घेतली असेल, मला ठाऊक नाही. पण लीगमध्ये संघ बारा, आणि एका संघात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू. म्हणजे साऱ्या देशात आणि परदेशातून येणारे धरून पाने तीनशे. पंगतीत बसायला आलेली मुले किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. भगिनींना तर त्या पंगतीत पानच नाही. २०१६ साली तीन महिला संघांची एक छोटीशी स्पर्धा लीगच्या जोडीने झाली, पण ती पुढे चालू राहिली नाही.

पैसा आणि खेळ यांचे हे भांडण आपल्याकडे नवे आहे; जगात ते जुने आहे. इंग्लंडच्या उत्तर भागात कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्या. तेथला कामगार शनिवारी रग्बी खेळे. रग्बी म्हणजे चेंडू काखोटीला मारून धावायचे आणि समोरच्याने कंबर धरून पाडायचे; आपल्या मुलांना तो खेळ समजायला पाच मिनिटे लागणार नाहीत. दूरचा सामना असला की कामगाराचा शनिवारचा रोज बुडे. क्लबांनी मागणी केली की बुडालेला रोज भरून देण्याची परवानगी असावी. लंडनकडच्या प्रतिष्ठित मंडळींनी नाही म्हटले. खेळ हा सभ्य गृहस्थांचा छंद आहे, त्याला पैशाचा विटाळ नको. ज्याला शनिवारी रोज नसतोच, त्याला असे म्हणायला काय जाते? २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड या गावी जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे वीसेक क्लब जमले आणि त्यांनी सवतासुभा मांडला. दिवसाला सहा शिलिंगपर्यंत बुडीत रोज द्यावा, असे ठरले. त्यातूनच पुढे रग्बी लीग नावाचा वेगळा, तेरा गड्यांचा खेळ झाला.

मला या हकीगतीतला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. तीन वर्षांनी, १८९८ साली, या उत्तरेकडच्या मंडळींनी खेळाडूला उघड मोबदला द्यायला संमती दिली. परंतु अट घातली की खेळाडूला दुसरे खरेखुरे काम असले पाहिजे. तो आठवड्यात कामावर गेला नाही, तर शनिवारी खेळता येणार नाही. बिलियर्डच्या टेबलावर गुण मोजणे किंवा दारूच्या गुत्त्यात पेले उचलणे हे काम धरायचे नाही! ही अट जाचक होती, काही वर्षांत ती गेली, आणि ती गेली ते बरेच झाले. एका जखमी खाणकामगाराला कामावर जाता आले नाही म्हणून खेळताही येऊ नये, यात न्याय तो कसला? पण त्या अटीच्या मुळाशी एक भीती होती आणि ती खोटी नव्हती. तिशीनंतर हा माणूस करील काय?

आता त्याच रग्बी लीगच्या वाटेने आणखी दूर जाऊ. प्रशांत महासागरात सामोआ नावाचा बेटांचा देश आहे. लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास. आपल्या पनवेल महापालिकेच्या हद्दीत याहून कितीतरी अधिक माणसे राहतात. नारळ, मासळी, चर्च आणि मोठी कुटुंबे. १९६२ साली हा देश न्यूझीलंडच्या अमलातून स्वतंत्र झाला. त्या सुमारास न्यूझीलंडच्या कारखान्यांना हात हवे होते, म्हणून सामोअन माणसे ऑकलंडला गेली. पुढे मंदी आली, तेव्हा १९७० नंतरच्या दशकात त्याच माणसांच्या घरांवर परवान्याची मुदत संपली म्हणून पहाटे पोलिसांचे छापे पडू लागले. २०२१ साली न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. काम असेपर्यंत पाहुणा आणि काम सरल्यावर उपरा, ही तऱ्हा बंदराच्या माणसांना समजावून सांगावी लागत नाही.

या कुटुंबांची मुले आणि नातवंडे ऑकलंडला आणि सिडनीच्या पश्चिमेकडच्या कामगारवस्त्यांत वाढली. आज ऑस्ट्रेलियातली व्यावसायिक रग्बी लीग त्यांच्या खांद्यांवर उभी आहे. जेरोम लुआई हा त्यांतला एक. सिडनीच्या पश्चिमेला माउंट ड्रूइट नावाच्या वस्तीतला मुलगा. २०१८ साली पेनरिथ संघातून खेळू लागला आणि २०२१ ते २०२४ अशी ओळीने चार वर्षे त्या संघाने विजेतेपद मिळवले. २०२२ साली विश्वचषक आला, तेव्हा लुआई आणि त्याचा सोबती ब्रायन टोओ यांनी आजोबांच्या बेटाची जर्सी घातली. पहिल्याच सामन्यात इंग्लंडने सामोआला ६०-६ असे चिरडले. महिन्याभरात उपांत्य सामन्यात तोच इंग्लंड समोर आला आणि जादा वेळेत सामोआने २७-२६ असा विजय मिळवला! १९ नोव्हेंबर २०२२ रोजी मँचेस्टरला अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३०-१० ने त्यांना हरवले. दोन लाखांचा देश अंतिम सामन्यात पोहोचला, यात हार कोठे शोधायची?

मी ही गोष्ट त्या विजयासाठी सांगितली नाही. २०२५ पासून लुआई दुसऱ्या क्लबाकडे गेला तो पाच वर्षांच्या लेखी कराराने. पाच वर्षे, एकच मोसम नव्हे. आणि २०२३ साली तिकडच्या खेळाडूंच्या संघटनेचे लीगच्या चालकांशी अटींवरून बिनसले, तेव्हा खेळाडूंनी सामन्याच्या दिवशी पत्रकारांशी बोलणे बंद केले आणि जर्सीवरच्या लीगच्या चिन्हावर चिकटपट्टी लावून ते मैदानात उतरले. भांडण केवळ पगाराचे नव्हते. खेळ सोडलेल्यांच्या औषधपाण्याचे काय, हाही त्यात एक मुद्दा होता. लाखो डॉलर मिळवणारी मुले पन्नाशीतल्या गुडघ्यासाठी भांडत होती! ती शहाणपणाची गोष्ट होती. कारखान्यात राबून थकलेले आजे त्यांनी घरात पाहिले होते.

तसेच काहीसे आपल्याही घरांत आहे. हे बंदर २६ मे १९८९ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. त्यापूर्वी येथे भातखाचरे होती, मिठागरे होती, कोळीवाडा होता. जमिनीला एकरकमी भाव देऊन विषय मिटवावा, असे सरकारचे म्हणणे होते. दि. बा. पाटील यांनी आणि त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांनी सांगितले की, जमीन म्हणजे एका दिवसाचा माल नव्हे. ती पिढ्यान् पिढ्या पिकते, तर तिच्या विकासात आमचाही वाटा राहिला पाहिजे. १९८४ च्या जानेवारीत जासई आणि नवघर येथे गोळीबार झाला, पाच माणसे हुतात्मा झाली. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व उभे राहिले. ते पदरात पडायला किती वर्षे आणि किती चपला झिजल्या, हे या सभागृहात मी सांगावे असे नाही. एकरकमी पैसा आला, त्याची गाडी झाली, घर झाले, लग्न झाले आणि तो संपला, अशीही घरे आपण पाहिली.

तेव्हा ज्या गावांनी जमिनीच्या बाबतीत भाव आणि वाटा यांतला फरक रक्त सांडून शिकून घेतला, त्याच गावांतली मुले आता आपले अंग घेऊन लिलावाच्या दारात उभी आहेत. त्यांना अडवावे असे मी म्हणत नाही. हुंदळेवाडीच्या मुलाने अंगमेहनतीवर जे मिळवले ते त्याच्या गावात कोणाला शेतीवर मिळवता आले असते? मुलांनी जावे, जरूर जावे. पण करारपत्र घरी आणून चार जाणत्यांसमोर वाचावे. सरावात हाड मोडले तर इस्पितळाचा खर्च कोणाचा, मोसमाच्या मध्यावर दुखापत झाली तर उरलेली रक्कम मिळणार की नाही, संघाने पुढच्या वर्षी सोडले तर ते कधी कळवणार, ही तीन कलमे शोधावीत. ती सापडली नाहीत तर विचारावीत. कॉलेजची परीक्षा मोसमाच्या नावाखाली बुडवू नये. आणि खेळाडूंच्या राखीव जागांसाठी लागणारी स्पर्धांची प्रमाणपत्रे आईने कपाटात कुलूप लावून ठेवावीत, कारण चषक कपाटाबाहेर ठेवले तरी चालतात.

हे झाले त्या तीनशे पानांतल्या मुलांचे. बाकीची हजारो मुले आपल्याच मैदानांवर, जत्रेच्या आणि उत्सवाच्या रात्री, दिव्यांच्या झोतात खेळतात. पहिल्या बक्षिसाची रक्कम फलकावर ठळक अक्षरांत लिहिलेली असते. सामन्यात एखाद्याचा गुडघा गेला तर त्याला दोन मित्र मोटारसायकलवर मध्ये बसवून डॉक्टरकडे नेतात, आणि पुढचा सामना सुरू होतो. हडर्सफील्डच्या हॉटेलात जमलेल्या मंडळींनी बुडीत रोजाचा विचार केला, तो काही राष्ट्रीय लीगसाठी नव्हता. असल्याच गावच्या शनिवारच्या सामन्यांसाठी होता.

म्हणून येथे जमलेल्या मंडळांच्या चालकांपुढे मी एक सूचना ठेवतो आणि थांबतो. स्पर्धेसाठी जी वर्गणी आणि देणगी जमते, तिच्यातले साडेबारा टक्के जखमी खेळाडूंच्या नावाने वेगळ्या खात्यात ठेवावेत. आकडा आपल्या ओळखीचा आहे. ज्याचा पाय मोडला त्याचा डॉक्टरचा खर्च आणि कामावरचे जितके दिवस बुडाले तितका रोज त्यातून द्यावा. आणि बक्षिसाची रक्कम ज्या फलकावर लिहिता, त्याच फलकावर खाली या खात्यातली शिल्लकही लिहावी. पावसाळ्यानंतर मैदाने आखली जातील, त्यापूर्वी बैठक घ्यायला अजून चार-पाच महिने हातात आहेत.